काळा उंबर, पांढरे डाग आणि ऊन

प्रश्न : ताई, आमच्या शेताच्या कडेला ओढ्याजवळ उंबरासारखं एक झाड आहे, पण फळं बुंध्यावर अगदी खालपर्यंत, काही तर मातीला टेकलेली, आणि पानं खरखरीत. जुनी माणसं काळा उंबर म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीला हातावर आणि गळ्यापाशी कोड आहे. ओळखीतले एकजण म्हणाले याचा चीक डागावर लावून तिला उन्हात बसवा, रंग परत येतो. करून बघू का? तिच्या लग्नाचं बघतोय म्हणून घाई आहे.

उत्तर : नका लावू. आणि लावून झाला असेल तर साबणपाण्यानं धुवा आणि तो भाग दोन-तीन दिवस उन्हापासून झाकून ठेवा. हे आधी, बाकीचं नंतर.

तुमच्या ओळखीच्यांनी हे हवेतून काढलेलं नाही. चरकसंहितेत श्वित्रावर, म्हणजे कोडावर, मलपूचा रस गुळाबरोबर द्यायला सांगितलाय आणि मलपू म्हणजे काकोदुंबरिका, आपला काळा उंबर, असं वैद्य मानतात. पण तिथली पद्धत नीट बघा ना, आधी स्नेहन म्हणजे तेल-तुपाचा उपचार, रस पोटातून, मग झेपेल तेवढंच ऊन, जुलाब होऊन गेल्यावर तीन दिवस तहान लागेल तेव्हा पेज, आणि डागावर फोड आले तर ते काट्यानं फोडायचे. म्हणजे फोड येतात हे तेव्हाही माहीत होतं आणि पेशंट वैद्याच्या नजरेखाली असायचा. चीक चोळा आणि अंगणात बसा असं त्यात कुठेच नाहीये.

आता फोड का येतात. अंजिराच्या चिकात आणि पानात सोरालेन, बर्गाप्टेन ही द्रव्यं असतात, काळ्या उंबरातही ती सापडलीत. ती त्वचेत मुरली आणि वरून उन्हातले अतिनील किरण पडले की पेशीतल्या डीएनएला चिकटतात आणि कातडी भाजते. गंमत म्हणजे लगेच काही कळत नाही, साधारण एक दिवसानं लाल होतं, दोन-तीन दिवसांत पाण्यानं भरलेले फोड येतात, तोपर्यंत माणूस दुसऱ्यांदा लावून मोकळा झालेला असतो. याच सोरालेनवर डॉक्टरांची पुवा नावाची ट्रीटमेंट उभी आहे, म्हणजे आधी सोरालेन आणि मग अतिनील किरण, १९७० च्या दशकात ती सोरायसिससाठी जगभर पसरली, कोडालाही वापरतात. पण त्यात औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये, किरणांचा डोस मशीनवर मोजलेला आणि डोळ्यांना चष्मा. झाडाच्या चिकात किती सोरालेन आहे ते पानागणिक, ऋतूगणिक बदलतं, ते तुम्ही कशानं मोजणार?

आणि मला सगळ्यात जास्त काळजी पुढच्या गोष्टीची वाटते. कोड असलेल्या माणसाच्या त्वचेला इजा झाली, भाजलं, खरचटलं, तर त्याच जागी नवीन डाग उठू शकतो, डॉक्टर याला कोबनर म्हणतात. म्हणजे डाग घालवायला गेलात आणि गळ्यावर आणखी एक आणलात असं होऊ शकतं, तेही त्या पोरीच्या गळ्यावर.

तिला स्किनच्या डॉक्टरांकडे न्या. हल्ली ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांची फोटोथेरपी मिळते, टॅक्रोलिमससारखी मलमं आहेत, २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब नावाच्या क्रीमला खास कोडासाठी मान्यता मिळाली. महिने लागतात. गळ्यापेक्षा बोटांच्या टोकांना रंग येणं अवघड, कारण रंगाच्या पेशी बहुतेक केसांच्या मुळांतून परत येतात आणि तिथे केस नसतात. थायरॉईडची टेस्टही करून घ्या, कोडाबरोबर थायरॉईडचा त्रासही काही जणांना असतो. आणि लग्नाचं म्हणाल तर कोड लागत नाही, महारोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे समोरच्यांना ताठ मानेनं सांगा, डाग लपवायची घाई करू नका.

प्रश्न : याच झाडाच्या सालीचा काढा शुगरवर चालतो असं वाचलं. गोळ्या बंद करून घेऊ का? कॅन्सरवरही म्हणे उपयोगी आहे.

उत्तर : गोळ्या बंद करू नका. सालीच्या अर्कानं साखर उतरली ती उंदरांमध्ये. त्यांना अलॉक्झान नावाचं रसायन देऊन स्वादुपिंडातल्या पेशी मारलेल्या होत्या, माणसांचा टाइप टू मधुमेह तसा झालेला नसतो. अर्कही लॅबमध्ये अल्कोहोल वापरून काढलेला, घरचा काढा म्हणजे तो नव्हे. शिवाय गोळी आणि काढा दोन्ही घेतलेत आणि साखर खरंच खाली गेली तर चक्कर येऊन पडाल.

कॅन्सरचं सांगायचं तर पानं आणि फांद्यांतून एक अल्कलॉइड, म्हणजे झाडात तयार होणारं एक प्रकारचं द्रव्य, वेगळं काढलंय, ते काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी अगदी थोड्या मात्रेत मारतं. खरंच दमदार आहे आणि त्यावर काम व्हायला हवं असं मलाही मनापासून वाटतं. पण त्याच प्रकारचं दुसरं अल्कलॉइड, टायलोक्रेब्रीन, १९६० च्या दशकात माणसांवर तपासलं तेव्हा मेंदूवर परिणाम दिसला आणि चाचणी थांबवावी लागली. पानं उकळून कुणाला पाजू नका.

प्रश्न : ओळखायचं कसं? आमच्याकडे खरवत पण आहे, तिचीही पानं खरखरीतच.

उत्तर : फांदी बघा. काळ्या उंबराची पानं समोरासमोर जोडीनं येतात, कोवळी फांदी मोडली की आत पोकळ निघते आणि फळावर बारीक कडक लव असते, पिकलं की पिवळट. खरवतीची पानं बहुतेक एकाआड एक. फळ चाखून ओळखायला जाऊ नका, ओकारी होते.

प्रश्न : एका झाडाच्या फळात बारीक किडे निघतात, दुसऱ्याच्या फळात नुसतं बी. किडीसाठी फवारणी करू का?

उत्तर : ती कीड नाही हो. या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. किडे निघतात ते नर झाड, त्याच्या फळात एवढीशी गांधीलमाशी वाढते आणि पराग घेऊन बाहेर पडते. मादी झाडाच्या फळात ती शिरते, पराग देते, पण तिला तिथे अंडी घालता येत नाहीत, म्हणून नुसतं बी. फवारलंत तर माशी मरेल आणि शेजारच्या मादी झाडाला बी धरणार नाही, मग वटवाघळं तरी काय पसरवणार.