रात्री दोनपर्यंत जागून आराम होत नाही गं

बाळा,

परवा फोनवर म्हणालीस ना, मॅडम, दिवसभर लेक्चर न प्रॅक्टिकल करून डोकं बधिर होतं म्हणून रात्री जरा रिलॅक्स होते, तेव्हापासून तेच मनात घोळतंय. कारण ते जरा म्हणजे अकरा ते दोन, कॉटवर आडवं पडून रील्स, मग सकाळी डोकं जड, नाष्टा चुकला, पहिल्या लेक्चरला जांभया. रागवत नाहीये, काळजी वाटते म्हणून लिहितेय.

मोकळा वेळ पाहिजेच, त्याच्यावर माझं काही म्हणणं नाही. पण बघ, दिवसभर तू बसूनच असतेस, वर्गात बसून, मेसमध्ये बसून, केगावच्या विद्यापीठातून सोलापुरात यायचं तर बसमध्ये बसून, आणि मोकळा वेळ मिळाला की परत आडवी. डोळे, मान आणि तेच दमलेलं डोकं कामालाच लागलेलं, मग त्यांना सुट्टी कधी मिळाली? तुझ्या वयाला 7 ते 9 तास झोप लागते, दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायला पण झोपच लागते, आणि नेमके तेच तास तू कापतेस. स्क्रीनच्या उजेडानं झोप लांबते हे खरं, पण मला त्याहून "अजून एकच बघते" हे जास्त वाईट वाटतं. आणि रात्री आठचा तो कडक चहा, त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात गं.

आता मोबाइलमुळे झोप गेली की झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात, हे नुसतं विचारून कळत नाही, बहुतेक दोन्ही बाजूंनी चालतं. तू दोन आठवडे फोन कॉटपासून लांब चार्जिंगला लावून बघ, अलार्मला साधं घड्याळ घे, मग तुझं तुलाच कळेल.

व्यायाम म्हटलं की तुला जिमची फी आठवते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं सांगते, म्हणजे कमीत कमी रोज बावीस मिनिटं झपाझप चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या वेगानं. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी पाहिजेत म्हणायचे, 2020 मध्ये ती अट पण काढली, त्यामुळे हॉस्टेल ते डिपार्टमेंट भरभर चाललीस तरी ते धरायचं. फक्त एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत उरक, आपल्या सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर जातं, तिथं हट्ट नको.

ग्राउंडवर संध्याकाळी पोरांचं क्रिकेट चालतं, पोरींनी जायचं कुठं, हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. आमच्या वेळी पण तेच होतं आणि आम्ही गप्प बसलो, त्याचं अजून वाईट वाटतं. तुम्ही चौघी-पाचजणी मिळून खेळायची ठराविक वेळ लेखी मागा, अर्ज द्यायला मी येते सोबत.

सेकंड इयरला मी फार खचले होते, खोलीतून बाहेर पडायचं नाही, जेवायचं नाही. माझी रूम पार्टनर रोज संध्याकाळी हाताला धरून सिद्धेश्वर तलावावर न्यायची, किल्ल्याच्या बाजूनं चालायचं, काही बोललो तर बोललो. मार्क वाढले का ते आठवत नाही पण रात्री झोप लागायची, भूक लागायची. एकटीनं चालले असते तर चार दिवसांत सोडलं असतं, म्हणून म्हणते सोबत शोध.

आणि दोन-तीन आठवडे झोप नाही, कशातच मन नाही असं झालं तर नुसतं चालण्यावर ढकलू नकोस, डॉक्टरला दाखव, नाहीतर टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

रविवारी सकाळी साडेसहाला तलावाजवळ ये, मी देवळाच्या बाजूला थांबते. रूम पार्टनरला घेऊन ये, आणि आईनं पाठवलेली शेंगा चटणी उरली असेल तर थोडी आण, भाकरी मी आणते.

तुझी,
मॅडम