स्वप्नाचा अर्थ विचारायला आलेले भाऊ

"ताई, देव मला सावध करतोय. पण कशाबद्दल, तेच कळत नाही. कळायच्या आत काही झालं तर?"

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. कुणाला स्वप्न पडलेलं असतं, कुणाला उपास-प्रार्थनेत कुणीतरी 'संदेश' दिलेला असतो, कुणाचं मन नुसतंच अस्वस्थ असतं. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाची ही भीती मी कधी उडवून लावत नाही. शास्त्रात, म्हणजे बायबलात, देव सावध करतोच. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात योसेफाला स्वप्नात सांगणं येतं आणि तो रात्रीच उठून बाळ येशूला आणि मरियेला घेऊन मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जातो. हे लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेल्या माणसाला "असं काही नसतं हो" म्हणून घरी पाठवणं मला जमणार नाही.

हे भाऊ नगर जिल्ह्यातल्या एका गावचे. शाळेत लेखनिक, वय अठ्ठेचाळीस. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चार महिन्यांत तीनदा त्यांना एकच स्वप्न पडलं होतं. घरात पाणी शिरतंय, भिंतीवरचा आईचा फोटो पाण्यावर तरंगतोय आणि दार काही केल्या उघडत नाही. त्यातच बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "तुमच्या घरावर संकट आहे, प्रार्थनेत राहा." झालं. भावांनी एकवीस दिवसांचा उपास धरला. रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी नको म्हणून तीही बंद केली. रात्री दोनला उठून गॅसची टाकी, कड्या, विजेची बटणं तपासायची. आणि लेकीला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, तिला जाऊ द्यायला ते तयार नव्हते. "संकट प्रवासातच येणार," असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. फी भरायला नऊ दिवस उरले होते.

मी आधी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. गोळी पुन्हा सुरू झाली. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने औषध घेऊ नये असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. प्रेषित पौल तर आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. पुढच्या दोन भेटींत आम्ही झोपेवर आणि रात्रीच्या तपासणीवर काम केलं. टाकी एकदाच बघायची, दुसऱ्यांदा उठावंसं वाटलं तर पलंगावरच बसून स्तोत्र म्हणायचं, असं ठरवलं. थोडा फरक पडला. पण माणूस समोर बसून काहीतरी धरून ठेवतोय हे मला जाणवत होतं, आणि ते विचारायला मी दोन भेटी उशीर केला.

तिसऱ्या भेटीला वहिनी सोबत आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आणि हे प्रभुभोजनाच्या रविवारी कधी थांबत नाहीत. शेवटचं गीत सुरू झालं की उठतात." प्रभुभोजन म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून मंडळीने मिळून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. किती दिवस झाले? "तीन वर्षं."

एकवीस दिवस उपाशी राहणारा माणूस तीन वर्षं प्रभूच्या मेजापाशी गेला नव्हता.

मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने भाऊच म्हणाले, "ताई, त्यात माझ्या बहिणीचा विषय आहे. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

विषय असा. आई आधीच गेलेली, मग वडील गेले. मागे चार एकर जमीन, विहीर आणि जुनं घर. मुलं दोनच, हे आणि धाकटी बहीण. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. "पीककर्जाच्या कागदावर वारसांच्या सह्या लागतात," असं सांगून भावांनी बहिणीला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिने भावावर विश्वास ठेवून वाचलंसुद्धा नाही. पुढे सातबारा पाहिला तेव्हा तिला कळलं. त्यानंतर ती माहेरी आलेली नाही.

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये हे फार सर्रास चालतं. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि आई हयात असेल, तर तिला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं. आई नसेल तर सगळंच मुलांना सारखं. मुलगा आणि मुलगी असा भेद त्या कायद्यात नाही. तरी लग्नात दिलं की मुलीचं संपलं, हा हिशेब आपल्या घरांतही तसाच चालू आहे, आणि बहिणी भावाचं तोंड बघून सह्या करतात. मला याचा फार त्रास होतो. तेवढ्यापुरतं आपण ख्रिस्ती नसतोच जणू.

आम्ही बायबलमधलं योना संदेष्ट्याचं पुस्तक काढलं. भावांना ते पाठ होतं. चाळीस दिवसांनी निनवे शहर धुळीला मिळणार, हा इशारा, लोकांचा उपास, पश्चात्तापाचं जाडंभरडं गोणताट, राखेत बसलेला राजा. मी म्हटलं, तिसऱ्या अध्यायाचं शेवटचं वचन मोठ्याने वाचा. देवाने काय पाहिलं असं तिथे लिहिलंय? त्यांनी वाचलं, थांबले, पुन्हा वाचलं. देवाने त्यांची कृती पाहिली, ते आपल्या कुमार्गापासून वळले हे पाहिलं, असं तिथे आहे. उपास आणि गोणताट त्या वचनात नाहीतच. आणि त्याच्या थोडं आधी राजाच्या हुकुमात प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा असंही आहे.

भाऊ म्हणाले, "म्हणजे ते स्वप्न ह्याचंच होतं? आईचा फोटो होता त्यात."

इथे हो म्हणणं फार सोपं होतं. माझ्या तोंडून तेवढा एक शब्द निघाला असता तर ते त्याच दिवशी बहिणीकडे धावले असते. पण देवाच्या नावाने असं बोलायचा अधिकार मला नाही, आणि भीतीने धावलेला माणूस भीती ओसरली की परत फिरतो. म्हणून मी विचारलं, "समजा, ते स्वप्न देवाकडून नव्हतं. नुसतं काळजीचं स्वप्न होतं. मग ते दोन एकर कुणाचे?"

खूप वेळ गेला. मग म्हणाले, "तिचेच."

"आणि समजा, तिचे तिला दिले आणि तरीही घरात आजारपण आलं. मग?"

याचं उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलं नाही. आठवड्याने आले तेव्हा म्हणाले, "ताई, मी देवाशी सौदा करत होतो. उपास मी करतो, संकट तू टाळ. जमीन दिली असती तरी सौदाच झाला असता. आता मला ती तिची आहे म्हणून द्यायचीय."

लेकीच्या फीचं मात्र मी तोपर्यंत थांबू दिलं नव्हतं. त्याबाबत मी स्पष्टच बोलले होते. "संकट आहे" एवढंच सांगणाऱ्या संदेशाचं पालन करायचं तरी कसं? शास्त्रातले इशारे काय सोडायचं, कुठे वळायचं ते सांगतात. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पौल लिहितो की संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच पुढे, सर्व गोष्टींची पारख करा. पारख केल्याशिवाय एका मुलीचं शिक्षण थांबवायचा हक्क कुणालाच नाही. शिवाय खरा इशारासुद्धा दर वेळी 'जाऊ नको' असाच असतो असं नाही. प्रेषितांच्या कृत्यांत अगब नावाचा संदेष्टा पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो, यरुशलेमेत असंच होईल म्हणतो. माणसं रडून पौलाला थांबवतात. तो इशारा खोटा मानत नाही, तरीही जातो. लेक वेळेत पुण्याला गेली. भाऊ स्वतः तिला हॉस्टेलवर सोडून आले, आणि येताना बसमध्ये झोप लागली असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं.

बहिणीकडे जाण्याआधी त्यांनी काय बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं. पहिलं वाक्य होतं, "माझ्याकडून काही चूक झाली असेल तर माफ कर." मी 'असेल तर' या शब्दांवर बोट ठेवलं. त्यांना घाम फुटला. तीनदा खोडून शेवटी लिहिलं, "मी तुला खोटं सांगून सही घेतली." मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जा. तिथे 'तुझ्या मनात कुणाविरुद्ध काही असेल तर' असं नाही. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर, असं आहे. म्हणून तिने माफ करावं ही अपेक्षाही घेऊन जायची नाही, असं आमचं ठरलं.

बरं झालं ठरलं ते. बहिणीने दारातच ऐकून घेतलं. "आता कशाला?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पुढचं काम कागदांचं. वकिलांच्या सल्ल्याने दोन एकरांचं बक्षीसपत्र झालं, मुद्रांक शुल्क भावांनी भरलं, मग तलाठ्याकडे फेरफार. पाच महिने गेले. वहिनींचं मन दोनदा फिरलं, त्यात त्यांचीही चूक नाही, लेकीची फी डोक्यावर होती. नोंदणीच्या दिवशी बहीण आली, सही केली आणि चहालाही न थांबता स्टँडवर निघून गेली. त्या संध्याकाळी भाऊ फोनवर म्हणाले, "ताई, मला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं नाही वाटलं."

अशांना मी प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय वाचायला देते. पौलाला कैदी म्हणून तारवातून रोमला नेत असतात. क्रेत बेटावर तो सांगतो की आता पुढे जाण्यात धोका आहे. उपासाचा सण उलटून गेलाय, समुद्राचे दिवस राहिले नाहीत. त्याला नेणारा रोमी अधिकारी, शताधिपती, त्याच्यापेक्षा तांडेलाचं आणि तारवाच्या धन्याचं ऐकतो. मग वादळ येतं. माल जातो, तारूही फुटतं. पण त्यातली 276 माणसं, इशारा धुडकावणाऱ्यांसकट, किनाऱ्याला लागतात, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर. गमावलेलं तारू त्यांना परत मिळालं नाही. भावांची तीन वर्षंही परत मिळायची नाहीत, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही.

आता प्रभुभोजन घेऊ का, हे त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, ते पाळकसाहेबांशी बोला. ते बोलले. पुढच्या पहिल्या रविवारी ते शेवटच्या गीताला उठले नाहीत, असं वहिनींनी कळवलं. स्वप्न त्यानंतर एकदा पुन्हा पडलं. उठून पाणी प्यायले आणि झोपले, म्हणाले.

परवा त्यांचा फोन आला. बहिणीने तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून फोन केला होता. ख्यालीखुशाली विचारली नाही. फक्त म्हणाली, "माझ्या दोन एकरांना विहिरीचं पाणी कधीपर्यंत पुरतं?"

त्यांनी सांगितलं, "मार्चपर्यंत. एखादं साल एप्रिललाही असतं."