नागपूर: मंडळीच्या (चर्चच्या) नाताळ वर्गणीचा हिशेब जुळत नाही, खजिनदार काकांना न दुखावता खरं कसं विचारावं?

सगळ्यांसमोर विषय काढू नका. आधी काकांना एकट्यात गाठा आणि रक्कम सांगून सरळ विचारा. बायबलमध्ये मत्तय १८:१५-१७ मध्ये येशूनं हाच क्रम दिलाय: पहिले दोघांतच, मग एक-दोन जणांना सोबत घेऊन, तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. उपासना सुटली की तर्री-पोह्याच्या ठेल्यावर निकाल लागतो आणि काकांना तो सगळ्यात शेवटी कळतो. बोलताना हेतूवर जाऊ नका, आकड्यावर राहा: “काका, पावतीपुस्तकात १४,५०० दिसतात, वहीत १२,०००. जरा सोबत बसून बघू का?” कलस्सैकरांस पत्रात (४:६) प्रेषित पौल कृपायुक्त आणि मिठानं रुचकर बोलायला सांगतो, ते असं. मीठ वगळून नुसतं गोड बोललात तर काका हसून हो म्हणतील आणि वही तशीच राहील. एक मात्र आहे: हा क्रम मंडळीतल्या भावाभावांतल्या चुकीसाठी. कुणी लहान मुलाला त्रास देत असेल, तर एकट्यात समजूत काढत बसू नका. थेट पोलिसांत किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा.