पहिला फोन कोणाला?

"आश्रमात वडिलांना काही झालं तर आम्हाला वेळेवर कळेल ना?" गावाकडच्या वृद्धाश्रमात आईवडील आणि स्वतः मुंबईत, अशी मुलं हे हटकून विचारतात. डोंबिवलीची एक ताई तर भांडायच्याच तयारीने आली होती. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) तिचे आबा मालवणजवळच्या आश्रमात. ऐन आषाढात ते न्हाणीत घसरले आणि तिला कळलं चार दिवसांनी, तेही शेजाऱ्याकडून.

आश्रमाची वही मागवून पाहिली. "आबा न्हाणीत घसरले. कमरेला मुका मार. बाम चोळला. जेवण नेहमीचं." म्हणजे लपवाछपवी नव्हती. फॉर्मवर मस्कतच्या भावाचा नंबर होता, तोही बंद पडलेला. शिवाय आबांनीच आश्रमातल्या मावशींना दम भरला होता, "पोरांका सांगू नको, उगाच घाबरतले."

अमेरिकेत मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमना केंद्रीय नियमच आहे: डॉक्टर लागू शकेल अशी दुखापत, प्रकृतीत ठळक बदल, उपचारात मोठा फेरफार किंवा दुसरीकडे हलवणं, यातलं काही घडलं की तिथे राहणाऱ्याच्या प्रतिनिधीला लगेच कळवायचं. तोच नमुना धरून आम्ही एका कागदावर लिहिलं. पडले तर मार किरकोळ असला तरी फोन. अन्नावरची वासना उडाली, पाठीला जखम दिसली, गोळी बदलली, दवाखान्यात नेलं तरी फोन. अचानक बरळू लागले तर आधी डॉक्टर, लगोलग फोन. 'वय झालं' म्हणून हे सोडून देतात ते मला अजिबात पटत नाही. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवी गोळी, काहीही असू शकतं. पहिला नंबर ताईचा, दुसरा भावाचा चालू नंबर. पावसात रेंज गेली तर वाडीतल्या दुकानदाराकडे निरोप.

कागद आबांना वाचून दाखवला. पोट बिघडल्याचा फोन मात्र करायचा नाही, असं त्यांनी ठणकावलं. ते मान्य केलं. माणूस शुद्धीत असताना त्याच्या दुखण्याची दवंडी पिटायचा हक्क मुलांनाही नाही.

गणपतीच्या आधी आबा रात्री वारलेल्या बायकोला हाका मारू लागले. मावशींनी डॉक्टरांना बोलावलं, ताईला उठवलं. लघवीत संसर्ग निघाला, औषधाने उतरला.

भाऊ मात्र अजून कुरकुरतोय, पहिला फोन बहिणीला का म्हणून. पुढच्या बैठकीला त्याला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलं आहे.