दुकान वाढवण्याआधी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मंदीत गिऱ्हाईक आटलं की इंदूरच्या जुन्या बाजारपेठेत एकेक शटर खाली येतं. या वेळची बहुतेक पत्रं दुकान असं वाढवण्याबद्दल, म्हणजे बंद करण्याबद्दलच आहेत. नावं गाळली आहेत. हिशोबातले आकडे पत्रलेखकांनी दिलेले आहेत.

राजवाड्याजवळ भाड्याच्या जागेत रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. दिवसाचा गल्ला सरासरी 12,000. महिन्याचा खर्च असा: भाडं 45,000, तिघांचे पगार 36,000, वीज 9,000, बँकेचं व्याज 14,000, किरकोळ 4,000. शंभराला आणलेला माल 130 ला विकतो. ‘सगळ्यावर 20 टक्के सूट’ लावली. गर्दी झाली, पण महिनाअखेरीस हात रिकामेच. चुकतंय कुठे?

शंभराचे 130 केले म्हणजे 30 टक्के सुटतात, असं बाजारात सर्रास म्हटलं जातं. ते खरेदीवरचे 30 आहेत. विक्रीवर मोजलं तर 130 मागे 30, म्हणजे 23 टक्केच. तुमचा खर्च 1,08,000 आहे. तो निघायला महिन्याला साधारण 4 लाख 70 हजारांची विक्री हवी, म्हणजे रोजचा गल्ला 15,600 च्या वर. तुमचा 12,000 आहे.

आता 20 टक्के सूट धरा. 130 चा शर्ट 104 ला गेला, सुटले 4 रुपये. पूर्वी एका शर्टात मिळायचं तेवढं मिळवायला साडेसात शर्ट विकावे लागतील. याच सवलतीत पूर्ण खर्च काढायचा तर महिन्याला 28 लाखांची विक्री लागेल. दुकानात दुप्पट माणसं आली तरी हे गणित जमत नाही.

सूट जुन्या मालावरच द्यावी, आणि तिथे नफ्याची अपेक्षाच ठेवू नये. अडकलेला पैसा मोकळा झाला की काम झालं. एका रविवारी दुकान उघडण्याआधी सगळा माल काढा आणि खरेदीच्या महिन्याप्रमाणे चार ढीग लावा: तीन महिन्यांच्या आतला, सहापर्यंतचा, वर्षापर्यंतचा आणि त्याहून जुना. पहिल्याला हात लावू नका. दुसऱ्यावर 5 ते 8 टक्के पुरे. तिसरा खरेदीच्या भावात काढा. चौथा खरेदीपेक्षा 30-40 टक्के कमीत, पण एकाच रॅकवर आणि दुकानाच्या मागच्या भागात, म्हणजे तिथवर जाणारा माणूस ताज्या मालासमोरून जाईल. तुटके सेट वेगळे काढा. एम आणि एल संपून नुसता एस आणि डबल एक्सेल उरलेला शर्ट कितीही सवलत दिली तरी जागचा हलत नाही. दोन-तीन डिझाइनचे तुटके सेट जोडून एकाच किमतीची टोपली लावली तर उचलला जातो.

या विक्रीचे पैसे भाड्यात आणि पगारात घालण्याची चूक बहुतेक जण करतात. तुमचं कॅश क्रेडिट खातं (दुकानातला माल तारण ठेवून उचल देणारं) असेल, तर मालाच्या किमतीतून पुरवठादारांची देणी वजा करून, उरलेल्यातून 25 टक्के मार्जिन कापून बँक उचलीची मर्यादा ठरवते. समजा माल 16 लाखांचा आणि देणी 4 लाखांची, तर मर्यादा 9 लाख. सेलनंतर माल 11 लाखांवर आला आणि देणी तेवढीच राहिली की तीच मर्यादा 5 लाख 25 हजारांवर येते. विक्रीचे पैसे खात्यात भरले नसतील तर खातं मर्यादेबाहेर जातं, आणि सलग 90 दिवस बाहेर राहिलं की थकीत ठरतं. 90 दिवसांची वाट न पाहता शाखेत जा. लघुउद्योगांच्या 25 लाखांपर्यंतच नव्हे, 25 कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेची पुनरुज्जीवनाची चौकट आहे. ती खातं थकीत होण्याआधी वापरायची असते. बँकेला द्यायच्या मालाच्या यादीत, म्हणजे स्टॉक स्टेटमेंटमध्ये, माल फुगवून दाखवणं हा मात्र सगळ्यात महाग उपाय. तपासणीला माणूस आला की साधी थकबाकी फसवणुकीच्या प्रकरणात जाते.

दुकान चालवायचं की वाढवायचं, हे या आकड्यांवरूनच कळतं. 3 लाख 60 हजारांच्या विक्रीत तुम्हाला सुटतात सुमारे 83,000. दुकान बंद केलं तरी कर्ज फिटेपर्यंत व्याज चालूच राहणार, म्हणून बंद केल्यावर वाचणारा खर्च 1,08,000 नाही, 94,000 आहे. म्हणजे दुकान उघडं ठेवण्याची किंमत महिन्याला 11,000. मालकाकडे भाडं कमी करायला जाल तेव्हा मागायचा आकडा हाच. 34,000 वर तो आला तर दुकान उघडं ठेवण्यात निदान तोटा वाढत नाही. हा हिशोब एका महिन्याचा न करता दिवाळी आणि लग्नसराई धरून बारा महिन्यांचा करा. आणि त्यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही, हेही ध्यानात असू द्या. तुमच्या पत्रातही तो नव्हता.

वडिलांनी 1980 च्या सुमारास पगडी देऊन घेतलेलं दुकान आहे, भाडं नाममात्र. आता चालवणं शक्य नाही. दुसऱ्याला देऊन पगडी वसूल करता येईल का? (मल्हारगंज)

मालकाच्या लेखी संमतीशिवाय नाही. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम 1961 प्रमाणे परवानगीविना पोटभाडेकरू ठेवणं हे जागा खाली करवून घेण्याचं थेट कारण आहे. ‘भागीदार घेतला’ असा कागद करून किल्ल्या देण्याची युक्ती जुनी आहे. धंदा तुमच्या ताब्यात नाही हे सिद्ध झालं की भागीदारीच्या कागदाला अर्थ राहत नाही. दिलेल्या पगडीची बहुधा पावती नसते, त्यामुळे ती मालकाकडे हक्काने मागता येत नाही. बाजारात जे होतं ते वाटाघाटीने: जागा खाली करून देण्याच्या बदल्यात मालक काही रक्कम देतो, कारण कोर्टात त्याची वर्षं जातात. तो करार लिहून घ्या, रक्कम बँकेतून घ्या, आणि ताबा रकमेच्या शेवटच्या हप्त्याबरोबरच द्या.

दरम्यान भाडं थकू देऊ नका. मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी दिली नाही, तर मालकाला दावा लावायला कारण मिळतं. भाडं घ्यायला तो नकार देत असेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती जपून ठेवा. दुकान महापालिकेच्या मालकीचं असेल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे हा कायदाच नाही, लीजच्या अटी पाहाव्या लागतात.

जाता जाता, नव्या भाडेकरूंसाठी: जागामालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि तुमची नियमित नोंदणी असेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचा 18 टक्के कर तुम्ही स्वतः रोखीने भरायचा आहे. 40,000 भाड्यावर 7,200. क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला कर विक्रीच्या करातून वजा होतो, पण पैसे आधी खिशातून जातात. मंदीत हा आकडा भाड्याच्या ओळीत धरायचा राहून जातो.

दुकान बंद करतोय. जीएसटी नंबर आधी सरेंडर करावा की आधी माल विकावा? (शीतलामाता बाजार)

आधी माल. नंबर रद्द झाल्याच्या दिवशी जो माल शिल्लक असेल, त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट किंवा त्या मालाच्या विक्रीवर बसणारा जीएसटी, यांतलं जे जास्त असेल ते भरावं लागतं. कपड्यांच्या दुकानात याचा चटका मोठा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला 5 टक्के दर आहे, पण त्याआधी 1,000 च्या वरचा माल तुम्ही 12 टक्क्यांनी घेतलेला असेल. असा 3 लाखांचा माल नंबर रद्द होताना पडून असेल तर 36,000 परत करावे लागतील. तोच माल आधी विकला तर विक्रीवर 5 टक्केच लागतो. जास्तीचं क्रेडिट रोख परत मिळत नाही, ते इतर विक्रीच्या करात वळतं करून घ्या.

दुकानातल्या यंत्रसामग्रीला पाच वर्षांचं आयुष्य धरतात, म्हणजे 60 महिने. एसी 50,000 ला घेतला, त्यावर तेव्हाचा 28 टक्के कर 14,000, वापरला 36 महिने, तर उरलेल्या 24 महिन्यांचे 5,600 परत. एसी विकला असेल तर विक्रीच्या किमतीवरचा कर आणि हे 5,600 यांत जे जास्त ते.

क्रम असा ठेवा. सगळी रिटर्न भरा. मग नोंदणी रद्द करण्याचा आरईजी-16 अर्ज, धंदा बंद केल्यापासून 30 दिवसांत. रद्दीकरणाचा आदेश आल्यावर जीएसटीआर-10 हे शेवटचं रिटर्न तीन महिन्यांत. लोक विसरतात ते नेमकं हेच, आणि विलंबशुल्क नंबर रद्द झाल्यावरही चढत राहतं. पूर्ण धंदाच मालासकट कोणी घेत असेल तर क्रेडिट आयटीसी-02 या फॉर्मने त्याच्याकडे वळवता येतं. मग ते परत करायची वेळच येत नाही.

उरलासुरला माल भाच्यांना, पुतण्यांना किंवा अनाथाश्रमाला वाटून टाकायचा विचार असेल तर त्या मालाचं क्रेडिटही उलटवावं लागतं. ‘एकावर एक मोफत’ मध्ये तसं नाही. तिथे दोन नगांची मिळून एक किंमत आहे असं धरलं जातं.

माझे यजमान जेल रोडवरच्या मोबाइलच्या दुकानात 14 वर्षं आहेत. पगार 13,000. शेठजी म्हणतात, दुकान बंद होतंय, पुढच्या महिन्यापासून येऊ नका, आणि एका कागदावर सही मागतात.

तो कागद आधी वाचा. ‘स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ असं लिहिलं असेल तर सही करू नका. त्या एका ओळीने खालचं बरंचसं हातचं जातं.

एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांची मजुरी. महिन्याच्या पगाराचे निम्मे धरले तर 6,500, आणि 14 वर्षांचे 91,000. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने दुकान बंद पडलं तर ही रक्कम तीन महिन्यांच्या पगारापुरती मर्यादित होऊ शकते. पण तोटा झाला किंवा माल पडून राहिला, ही सबब त्यात बसत नाही.

दुकानात 10 किंवा अधिक माणसं असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी: 13,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 14, म्हणजे 1,05,000. आज सहाच माणसं आहेत असं उत्तर मिळालं तर पूर्वी कधी दहा होती का, हे विचारा. कायदा एकदा लागू झाला की संख्या घटली तरी लागूच राहतो.

पुराव्यासाठी पगाराच्या बँक नोंदी, दुकानाच्या बिलांवरचं त्यांचं हस्ताक्षर, हजेरीचा फोटो, जे मिळेल ते आजच जमा करा. दुकानाला कुलूप लागल्यावर वही सापडत नाही. तडजोड झालीच नाही तर श्रम कार्यालयात लेखी तक्रार. बऱ्याचदा तक्रारीचा मसुदा शेठजींना दाखवला तरी बोलणी सुरू होतात.

लोणची-मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे, तीन दुकानांत माल देते. त्यातलं एक बंद होतंय आणि माझे 38,000 अडकलेत. (सुदामा नगर)

बाई, पत्राच्या उत्तराची वाट न बघता आज त्या दुकानात जा. शेल्फवर तुमच्या किती बरण्या शिल्लक आहेत त्याची यादी करा. माल जांगड दिला असेल, म्हणजे विकेल तेवढ्याचेच पैसे आणि उरलेला परत, तर तो अजून तुमचाच आहे. यादीवर दुकानदाराची सही घेऊन उचलून आणा, तारीख उलटण्याआधी. बिल करून विकला असेल तर मालकी त्यांची झाली आणि त्या मालावर बँकेचं तारण असू शकतं. मग राजीखुशीने परत घ्या आणि क्रेडिट नोट, म्हणजे बिल तेवढं कमी केल्याचा कागद, द्या.

उरलेल्या रकमेसाठी उद्यम नोंदणीचा उपयोग होतो. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’च्या तिप्पट व्याज, मासिक चक्रवाढीने. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. नोंदणी माल देण्याआधीची असेल तर वाद कमी होतो. दुकानदाराला हेही सांगा की अशी न दिलेली बिलं त्याला वर्षाच्या खर्चात धरता येत नाहीत, त्यावर त्यालाच आयकर पडतो. हा मुद्दा तुम्ही स्वतः माल बनवता म्हणून चालतो. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्याला हे संरक्षण नाही.

चेक घेतला असेल तर तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, त्यानंतर पैसे द्यायला 15 दिवस, ते उलटल्यावर एका महिन्याच्या आत कोर्ट. यातली एक तारीख चुकली तरी प्रकरण ढेपाळतं.

मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तो सांगतो, 2008 च्या मंदीत तिथली वूलवर्थ्स ही मोठी साखळी दोन महिन्यांत नाहीशी झाली. एवढं मोठं दुकान इतक्या लवकर कसं बुडतं?

नोव्हेंबर 2008 मध्ये ती प्रशासकांच्या हाती गेली आणि जानेवारी 2009 च्या पहिल्या आठवड्यात 800 हून अधिक दुकानांतलं शेवटचं बंद झालं. गिऱ्हाईक कमी होतंच. पण शेवटचा धक्का उधारीचा होता. पुरवठादारांच्या उधारीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि पुरवठादार रोख मागू लागले. कर्ज आधीच डोक्यावर, त्यात ऐन नाताळाच्या खरेदीला रोकड कुठून आणणार? शिवाय काही वर्षांपूर्वी तिच्या तेव्हाच्या मालक कंपनीने तिची 180 च्या वर दुकानं विकून तीच भाड्याने घेतली होती, म्हणजे जागा गेली आणि वर भाडं आलं. तिकडे दुकानाचं भाडं तिमाहीचं आणि आगाऊ द्यायची पद्धत आहे. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या शेवटी ते एकदम भरावं लागतं, म्हणून डळमळीत दुकानं त्या तारखांच्या आसपास कोसळतात. आपल्याकडे शीतलामाता बाजारातला ठोक व्यापारी ‘आता रोखीनेच’ म्हणू लागला, की समजावं बाजारात आपल्याबद्दल बोलणं सुरू झालंय.

दुकान सहा महिने बंद ठेवलंय, तरी वीजबिल येतं. का? (जवाहर मार्ग)

व्यावसायिक जोडणीवर मंजूर भारानुसार स्थिर आकार लागतो, युनिट शून्य असलं तरी. पुन्हा दुकान उघडायचं असेल तर पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे भार कमी करण्याचा अर्ज द्या. एसी काढून टाकला असेल तर भारही तेवढा उतरतो. कायमचं बंद करणार असाल तर कायमस्वरूपी जोडणी तोडण्याचा अर्ज द्या, शेवटचं रीडिंग स्वतः उभं राहून घ्या, मीटरचा फोटो काढा आणि सुरक्षा ठेव परत मागा. मीटर तसाच ठेवून किल्ल्या मालकाला दिल्या, तर पुढच्या भाडेकरूने वापरलेली वीज तुमच्या नावावर चढते.