टर्मिनेटर: फ्यूचर शॉक हा जुना गेम विंडोज १० वर नीट कसा चालवायचा?

काकांच्या कपाटात १९९५ ची सीडी सापडली, डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) गेम सुरू होतो, पण आवाज तुटतो आणि माउस सैरावैरा पळतो, असं तू लिहिलंयस. भावा, लॅपटॉपला दोष देऊ नकोस, सगळी गडबड सेटिंगमध्ये आहे.

आधी सीडी सांभाळ. आपल्या कोल्हापूरच्या पावसात कपाटातल्या सीडीवर बुरशी धरतेच. मऊ सुती कापड डिस्टिल्ड वॉटरने जरा ओलं करून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुस. गोल फिरवलंस तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि सलग तुकडाच वाचता येत नाही. मग इमेज (सीडीची फाइलरूपी नक्कल) काढून ठेव, पण बिन-क्यू जोडी: बिनमध्ये डेटा, क्यूमध्ये ट्रॅकची यादी. ऑडिओ ट्रॅक असले तर ते आयएसओ या एका फाइलच्या इमेजमध्ये येत नाहीत.

गेमसाठी वेगळा फोल्डर कर, नाव रोमन लिपीत, आठ अक्षरांच्या आत, मधे जागा न सोडता. डॉसबॉक्समध्ये तो 'माउंट' कमांडने सी ड्राइव्ह म्हणून जोड, क्यू फाइल 'आयएमजीमाउंट' कमांडने डी म्हणून. इन्स्टॉल करताना साउंड कार्ड म्हणून साउंड ब्लास्टर १६ निवड: पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १, हाय डीएमए ५.

आता मुख्य दुखणं. डॉसबॉक्सची सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा) 'ऑटो'वर असतात, आणि अशा प्रोटेक्टेड मोडमधल्या (जास्त मेमरी वापरणाऱ्या पद्धतीच्या) गेमला ऑटो म्हणजे थेट 'मॅक्स'. प्रोसेसर पूर्ण जुंपला जातो, आवाजाला वेळ उरत नाही, म्हणून तो तुटतो. स्टार्ट मेनूतून डॉसबॉक्सची ऑप्शन्स फाइल उघड, कोर 'डायनॅमिक' कर आणि सायकल्स 'फिक्स्ड ६००००' लिही. गेम चालू असताना कंट्रोल-एफ१२ ने वाढव, कंट्रोल-एफ११ ने कमी कर. आकडा खिडकीच्या वरच्या पट्टीत दिसतो. हळूहळू वाढवत जा, आवाज फाटायला लागला की एक पायरी मागे ये आणि तोच आकडा फाइलमध्ये टाक.

माउससाठी त्याच फाइलमधली सेन्सिटिव्हिटी १०० वरून ४० वर आण. आजचे माउस त्या काळच्या माउसपेक्षा फार बारीक हालचाल पकडतात. हे जमवच, कारण या गेमचा जीवच माउसमध्ये आहे: माउसने चहूकडे बघत नेम धरायची सोय बेथेस्डाने इथे 'क्वेक' या गाजलेल्या नेमबाजी गेमच्या आधी दिली होती. १९८४ च्या मूळ 'टर्मिनेटर' चित्रपटात भविष्यातलं युद्ध ओझरतंच दिसतं. गेमने तेवढ्यावरून उद्ध्वस्त लॉस एंजेलिस उभं केलंय, त्यात जीपही चालवता येते. मला तरी चित्रपटांवरून निघालेल्या जुन्या गेम्समध्ये हा सगळ्यात मनापासून केलेला वाटतो.

त्याच ऑप्शन्स फाइलमध्ये 'ॲस्पेक्ट' ट्रू कर, नाहीतर सगळं चित्र बुटकं दिसतं.

१९९६ चा स्कायनेट, म्हणजे याचाच पुढचा गेम, मिळाला तर तोही त्याच फोल्डरमध्ये इन्स्टॉल कर. दोन्ही असले की फ्यूचर शॉकच्या मोहिमा ३२० बाय २०० ऐवजी ६४० बाय ४८० मध्ये खेळता येतात. पिक्सेल जवळपास पाचपट होतात, म्हणून सायकल्स तिथे नव्याने जुळवाव्या लागतील.