स्टॉकिंगची सुरी: आधी ती धुता यायला हवी

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि रीतसर परवाना काढून हरणांच्या स्टॉकिंगकडे, म्हणजे दबकत जवळ जाऊन रायफलनं हरीण टिपण्याकडे, वळलेल्या मराठी वाचकांचे सुरीबद्दलचे बरेच प्रश्न साठले होते. त्यातले काही आज घेतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, त्यामुळे खालचं सगळं ब्रिटनपुरतंच समजावं. इथले लांडगे कधीच संपले. हरणांना शत्रू उरला नाही, आणि कोवळी झाडं वाचवायची तर त्यांची संख्या माणसालाच आटोक्यात ठेवावी लागते. गोळी लागून हरीण पडलं की त्या क्षणापासून ते कुणाच्या तरी ताटात जाणारं अन्न असतं. सुरी निवडताना मी हीच गोष्ट सर्वांत आधी बघतो.

प्रश्न: डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेटची पहिली पातळी पास झालो. आता पहिली सुरी घ्यायची आहे. दुकानात घडीच्या, मोठ्या, दातेरी, शिंगाच्या मुठीच्या अशा असंख्य दिसतात. नेमकी कोणती घेऊ?

पक्क्या पात्याची, साधी, छोटी. पातं ९ ते १० सेंटिमीटर पुरे, मूठ प्लॅस्टिकची किंवा रबराची, म्यानही प्लॅस्टिकचं. छोट्या रो हरणापासून मोठ्या रेड डिअरच्या नरापर्यंत सगळ्यांना एवढी सुरी पुरते.

मोठं पातं रुबाबदार दिसतं, पण ग्रॅलॉक करताना, म्हणजे पोट उघडून कोथळा बाहेर काढताना, ते नुसतं अडतं. या कामात बऱ्याचदा हात मनगटापर्यंत आत असतो आणि सुरीचं टोक डोळ्यांना दिसत नाही. ते कुठे आहे हे बोटांनाच कळावं लागतं. तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवून टोकापर्यंत पोचली पाहिजे. १५ सेंटिमीटरच्या पात्यावर ती पोचत नाही.

पोट कसं उघडतात ते बघा, म्हणजे पात्याचा आकार आपोआप ठरेल. आधी कातडीला जेमतेम दोन बोटं जातील एवढी चीर द्यायची. डाव्या हाताची दोन बोटं आत घालून ती थोडी फाकवायची आणि त्यांच्या बेचक्यात सुरी, धार वर करून. बोटं आतली जठराची फुगलेली पिशवी खाली दाबून धरतात, सुरी त्यांच्यामागून सरकत कातडी आणि पोटाचा पडदा आतून बाहेर कापत जाते. टोक किंचित धारेकडे झुकलेलं असेल, म्हणजे पाठीची रेघ टोकाकडे उतरत आलेली असेल, तर ते पिशवीत घुसत नाही. पाठीकडे वळलेलं अणकुचीदार टोक मात्र घुसतं. पिशवी फुटली की अर्धवट पचलेल्या गवताचा हिरवा लगदा आतल्या मांसावर पसरतो आणि तेवढा भाग कापून टाकण्याखेरीज इलाज राहत नाही.

आतून बाहेर कापण्याचा आणखी एक फायदा आहे. हरणाचे केस जाड असतात, त्यात माती-वाळू अडकलेली असते. बाहेरून कापत गेलात तर धार पाहता पाहता जाते आणि कापलेले केस मांसाला चिकटतात.

घडीची सुरी मी पहिली म्हणून कुणालाच सुचवत नाही. बिजागरीत रक्त आणि चरबी जाते, आणि ती तिथून पूर्ण निघत नाही. मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोट अडेल असा उंचवटा हवाच, कारण रक्ताने आणि चरबीने हात बुळबुळीत झालेला असतो. रंग नारिंगी घ्या. हेदरच्या खुरट्या झुडपांत किंवा वाळलेल्या नेच्यात खाली ठेवलेली काळी सुरी परत सापडत नाही. स्वीडनमधल्या मोरा गावात १८९१पासून सुऱ्या बनतात. तिथली स्टेनलेसची साधी सुरी वीस पौंडांच्या आतबाहेर मिळते आणि वरच्या सगळ्या अटी पुऱ्या करते. उरलेल्या पैशांतून तशीच दुसरी घ्या. का, ते पुढे येईल. आणि छातीचं हाड किंवा कंबरेचं हाड फोडायला सुरी वापरू नका, त्यासाठी छोटी करवत ठेवा.

प्रश्न: सुरी गाडीत ठेवून जाताना पोलिसांनी अडवलं तर? तीन इंचांपर्यंतची चालते असं ऐकलं आहे.

अर्धवट ऐकलंत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचं कलम १३९ लागू होतं, स्कॉटलंडमध्ये १९९५च्या कायद्याचं कलम ४९. दोन्हींत सूट आहे ती घडीच्या खिशातल्या चाकूला, आणि त्याची धार तीन इंचांपर्यंत असेल तरच. उघडल्यावर लॉक होणारा चाकू या सुटीत बसत नाही, हे इंग्लंडच्या न्यायालयानं १९९३मध्ये स्पष्ट केलं. तुमची पक्क्या पात्याची सुरी अडीच इंचांची असली तरी सुटीत बसत नाही.

मग ती न्यायची कशी? योग्य कारण असेल तर नेता येते, आणि स्टॉकिंगला जाणं-येणं हे योग्य कारण आहे. मात्र ते दाखवून देण्याची जबाबदारी तुमची. म्हणून सुरी म्यानात, म्यान पिशवीत, पिशवी गाडीच्या डिकीत, सोबत रायफलचा परवाना (फायरआर्म सर्टिफिकेट) आणि जमीनमालकाची लेखी परवानगी. खरा धोका परतल्यानंतरचा. शनिवारी डोंगरावर वापरलेली सुरी मंगळवारी ऑफिसला जाताना दाराच्या कप्प्यात राहिली, तर तेव्हा तुमच्याकडे काहीच कारण नसतं. इंग्लंड-वेल्समध्ये या गुन्ह्याला चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेवढी शिक्षा झाली नाही तरी बंदुकीचा परवाना धोक्यात येतो. स्कॉटलंडमध्ये लोकांना मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा हक्क आहे, त्यामुळे डोंगरावरही आपण सार्वजनिक जागेतच आहोत असं धरून वागावं. घरी पोचलात की सुरी धुऊन पुसून बंद कपाटात ठेवायची, म्हणजे विसरण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न: स्टेनलेसला धार राहत नाही, कार्बन स्टीलच घ्या, असं आमचे जुने स्टॉकर सांगतात. खरं का? आणि घरी धार कशी लावायची? मी ओढून धार लावायचं छोटं यंत्र वापरतो, पण दोन हरणांत सुरी बोथट होते.

जुन्या काळच्या स्वस्त स्टेनलेसबद्दल ते खरं होतं. आज १२सी२७ किंवा १४सी२८एन या स्वीडिश पोलादांची पाती नीट पाणी दिलेली असतील तर एका दिवसाच्या कामाला आरामात पुरतात. कार्बन स्टीलला धार पटकन आणि फार सुरेख लागते, हे मान्य. पण पश्चिम स्कॉटलंडमध्ये पाऊस, समुद्राची खारी हवा आणि रक्त अशा तिन्हींचा मारा असतो. संध्याकाळी पुसायचं राहिलं तर सकाळी पात्यावर गंजाचे ठिपके दिसतात, आणि गंज खाल्लेल्या खड्ड्यांत घाण बसते. तुम्ही दररोज नेमाने पुसून तेल लावणारे असाल तर कार्बन जरूर घ्या. फार कडक पोलादाच्या मागे मात्र लागू नका. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५७ ते ५९च्या आसपास आकडा असला की हाडाला लागल्यावर धारेची कपची उडत नाही आणि घरच्या दगडावर ती पुन्हा लागतेही.

तुमची अडचण पोलादाची नाही, त्या यंत्राची आहे. त्यातली दोन पाती धारेचं पोलाद खरवडून काढतात. सुरी पहिल्यांदा झकास लागते, पण धार प्रत्यक्षात फाटलेली असते आणि लवकर दुमडते. यंत्र बाजूला ठेवा आणि एक हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा) धारेचा दगड घ्या.

सगळ्यांना कोनाची भीती वाटते. त्यावर सोपा उपाय: काळ्या मार्करने धारेची कड दोन्ही बाजूंनी रंगवा. दगडावर सुरी दोनदा फिरवा आणि बघा. शाई फक्त पाठीकडच्या बाजूने गेली असेल तर पाठ फार खाली टेकली आहे. अगदी धारेच्या शेवटच्या रेघेचीच गेली असेल तर पाठ फार उचलली आहे. सगळी कड सारखी पांढरी झाली की कोन बरोबर. मोराच्या सुऱ्यांत तर धारेचा उतार एवढा रुंद असतो की तो उतारच दगडावर सपाट टेकवायचा, अंदाज करावा लागत नाही. इतर पात्यांना प्रत्येक बाजूला साधारण २० अंश ठेवा.

आता एकाच बाजूनं घासत राहा, टाचेपासून टोकापर्यंत, टोकाकडे वळताना मूठ किंचित उचलत. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा, हलक्या हाताने सरकवला की बारीक खरखर लागते. ती खरखर पूर्ण लांबीभर जाणवेपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार लागत नाही ती इथेच, कंटाळून आधीच बाजू बदलल्यामुळे. मग दुसरी बाजू तशीच, आणि शेवटी एकेक फटका आलटून पालटून, दाब कमी करत. उरलेली खरखर चामड्याच्या पट्ट्यावर सुरी उलट दिशेनं ओढून काढा. परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदावर घ्या. कागद न अडता, न फाटता कापला गेला की झालं. डोंगरावर जाताना चिनी मातीची बारीक कांडी खिशात असू द्या, दोन हरणांच्या मध्ये चार-पाच फटके पुरतात.

प्रश्न: ग्रॅलॉकनंतर वाहत्या ओढ्यात सुरी धुतली तर चालेल ना? पाणी अगदी स्वच्छ दिसतं.

नाही चालणार. वर कुठेतरी मेलेली मेंढी पडलेली असू शकते, हरणं त्यातच लीद टाकतात. पिण्याच्या पाण्याची एक बाटली आणि कागदी पुसणी सोबत न्या.

दोन सुऱ्या इथे उपयोगी पडतात. एक कातडीसाठी आणि गुदद्वाराभोवती मोकळं करण्यासाठी, दुसरी फक्त आतल्या कामासाठी. मुठी वेगळ्या रंगांच्या घ्या, म्हणजे गोंधळ होत नाही. एकच असेल तर बाहेरचं काम झालं की धुवा, पुसा, मगच आत जा.

लार्डरमध्ये, म्हणजे हरीण टांगून ठेवायच्या थंड खोलीत, आल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी कोमट पाणी, साबण आणि ब्रश. एकदम कढत पाण्यात घातलीत तर रक्त शिजून पात्यावर पक्कं बसतं. मूठ आणि पातं जुळतात तो सांधा ब्रशनं नीट घासा. डोळ्यांना घाण दिसेनाशी झाली की मग किमान ८२ अंश सेल्सियसच्या पाण्यात बुडवा. मांसाच्या उद्योगात हत्यारांसाठी हाच नियम आहे. मग कोरडी करा आणि उघडीच ठेवा. म्यान वेगळं धुऊन पूर्ण वाळलं की मगच सुरी आत. डिशवॉशर नको, त्यात धार इतर भांड्यांवर आपटते. तेल लावायचंच असेल तर खाण्याला चालणारं.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आतड्यांजवळच्या किंवा फुप्फुसांजवळच्या लसिका ग्रंथी सुजलेल्या, पुवाने भरलेल्या दिसल्या तर हात तिथेच थांबवा. तो क्षयरोग असू शकतो. हरणांमध्ये त्याची नुसती शंका आली तरी सरकारी पशुवैद्यकीय विभागाला कळवणं बंधनकारक आहे. त्या सुरीनं दुसऱ्या हरणाला हातही लावायचा नाही.

प्रश्न: पोट उघडायच्या आकड्याची आणि बदलत्या पात्यांची, अशा दोन सुऱ्या बघितल्या. घ्याव्यात का?

आकडा कातडी छान उघडतो, पण त्याच्या आतल्या वळणात चरबी आणि केस अडकतात आणि त्याला धार लावणं कटकटीचं. दोन बोटांची पद्धत जमली की त्याची गरज उरत नाही. बदलत्या पात्यांची सुरी सोलायला अप्रतिम आहे. पण ते पातं पातळ असतं, सांध्यात अडकून पिळलं की मोडतं, आणि तुकडा मांसात राहतो. वापरायचीच असेल तर हाडापासून दूर वापरा आणि काम संपल्यावर पातं अखंड आहे ना हे न चुकता बघा.

प्रश्न: पत्नीनं वाढदिवसाला शिंगाच्या मुठीची, चामड्याच्या म्यानाची सुंदर सुरी दिली. ती वापरू की नको?

वापरा, पण ग्रॅलॉकला नको. शिंग आणि चामडं रक्त शोषून घेतं आणि ८२ अंशांचं पाणी दोन्हींना सोसत नाही. शिजवलेलं मांस कापायला, जेवणाच्या टेबलावर ती शोभेल. फक्त ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामड्यात ओल धरून राहते आणि महिन्याभरात पातं काळवंडतं. पातं तेलाच्या फडक्यानं पुसून कापडात गुंडाळा, म्यान शेजारी वेगळं ठेवा.

प्रश्न: हातमोज्यांचं काय? जुने लोक उघड्या हातानंच करतात.

निळे नायट्राइलचे, म्हणजे पातळ कृत्रिम रबराचे, घाला. निळे अशासाठी की फाटून तुकडा पडला तर लाल मांसावर लगेच दिसतो. ज्या हातात सुरी नाही त्याच्या मोज्याखाली न कापला जाणारा विणलेला मोजा असू द्या, कारण हरणाच्या पोटात हात कापला जातो तो बहुतेकदा तोच. शिवाय पिशवीत टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा, ठेवा आणि तो एका हातानं बांधायची सवय करा. बहुतेक स्टॉकर एकटेच असतात आणि खोऱ्यात फोनला रेंज नसते.